जे आज मंडपांत नाहींत

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी मिस्सेनंतर केलेलें भाषण)



देवाच्या कृपेनें आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं. मंडप भरला आहे. जळगांव, धुळें, भुसावळ, अमळनेर येथून आप्तेष्ट आले आहेत. अशा प्रसंगीं वक्त्यानें इमारतीची व वाढलेल्या संख्येची स्तुति करावी अशी रीत आहे, आणि ती माझ्या आधीं बोलणाऱ्यांनीं उत्तम पाळली आहे. मला मात्र या भरलेल्या मंडपांत कांहीं जागा रिकाम्या दिसतात. हें देऊळ उभें राहत असतां ज्यांनीं डोक्यावरून विटा वाहिल्या, ते आज कोठें आहेत? कांहीं देवाघरीं गेले. परंतु कांहीं अजून आपल्याच घरांत, आंतल्या खोलींत, खाटेवर पडून आहेत. ते देवळाची घंटा ऐकतात, पण त्यांना उठवत नाहीं. आज मी त्यांच्याविषयीं बोलणार आहें.

उपदेशापूर्वीं मीं आपला दोष कबूल केला पाहिजे. पूर्वीं मी एका गांवीं असतांना तेथें एक वृद्ध धर्मशिक्षक होते. दोन पिढ्यांच्या मुलांस त्यांनीं प्रार्थना शिकविल्या होत्या. पुढें त्यांची स्मृति गेली. मी वर्षांतून एक-दोनदां त्यांस ख्रिस्तशरीर देण्यास जाई. ते एकच प्रश्न पुनःपुन्हां विचारीत, आणि माझें लक्ष मनगटावरील घड्याळाकडे असे. एकदां मी उठूं लागलों तों त्यांनीं माझा हात धरिला. मी कोण, हें त्यांस ठाऊक नव्हतें. काय बोलावें न सुचून मी नमो मरिया म्हणूं लागलों. आणि ज्यांस पोटच्या मुलाचें नांव आठवत नव्हतें, त्यांनीं ती प्रार्थना शेवटच्या शब्दापर्यंत माझ्याबरोबर म्हटली. थोड्याच दिवसांत ते वारले. त्यांच्या दफनविधीस मीं पाऊण तास प्रवचन केलें. जो वेळ मीं त्यांच्या शवपेटीस दिला, तो त्यांच्या खाटेस कधीं दिला नव्हता. ही टोंचणी अद्याप माझ्या मनांत आहे.

आपल्या खानदेशांतीलच एक उदाहरण घ्या. जळगांवजवळील आसोदें गांवीं १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी आपणां सर्वांस माहीत आहेत. अक्षरओळख नाहीं, तिशींतच वैधव्य, आणि सारा जन्म शेतांत व घरांत काबाडकष्ट. जात्यावर दळतांना त्या आपल्या बोलींत ओव्या रचीत. घरच्या माणसांनीं त्यांतल्या कांहीं टिपून ठेविल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजीं त्या वारल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्यामुळें आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस तीं गाणीं पडलीं, १९५२ सालीं त्यांचें पुस्तक निघालें आणि महाराष्ट्र थक्क झाला. आज जळगांवच्या विद्यापीठास त्यांचेंच नांव आहे. त्या आपल्या धर्माच्या नव्हत्या, परंतु बोध आपल्यासाठींही आहे. त्या माउलीजवळ बसून ऐकणारा कोणी होता, म्हणून जें उरलें तें उरलें. जें कोणीं टिपलें नाहीं, तें वाऱ्यावर गेलें. तुमच्या घरच्या आजीच्या ओठीं काय आहे, हें तुम्हीं कधीं बसून ऐकलें आहे काय?

कोणी म्हणेल, ज्याच्याजवळ सांगण्यासारखें कांहींच उरलें नाहीं, त्याचें काय? येथें जगाचा हिशेब संपतो आणि शुभवर्तमानाचा सुरू होतो. पुनरुत्थित प्रभूनें पेत्राच्या हातीं आपलीं मेंढरें सोपविलीं, त्याच घटकेस त्याला वार्धक्याची आठवण दिली. तरुणपणीं स्वेच्छेनें हिंडणारा पेत्र पुढें हात पसरील आणि दुसराच त्याला नेईल, असें सांगून मग प्रभूनें त्याला आपल्यामागें बोलाविलें. जो पेत्र बळाच्या भरांत शपथा वाहून त्याच रात्रीं प्रभूस नाकारतां झाला, तोच पराधीन होऊन त्याच्या क्रुसापर्यंत पोहोंचला. म्हणून दुर्बलतेला आपण शाप म्हणूं नये. बेन सिराचा ग्रंथही पुत्रास बजावतो कीं, पित्याची बुद्धि क्षीण झाली तरी त्याचा अवमान करूं नये.

फ्रान्स देशांत १८३९ सालीं जान ज्युगां या गरीब बाईनें एका आंधळ्या, अर्धांगानें पंगु झालेल्या वृद्धेस घरीं आणून आपलें अंथरूण दिलें आणि स्वतः माळ्यावर निजली. त्यांतून वृद्धांची सेवा करणारा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. १८८२ सालीं त्या भगिनी कलकत्त्यासही आल्या. परंतु खुद्द जानला अधिकारावरून दूर सारण्यांत आलें. शेवटचीं सत्तावीस वर्षें ती मठांत अज्ञातपणें राहिली. संघाची संस्थापिका तीच, हें नव्या भगिनींस माहीतही नव्हतें. १८७९ सालीं ती वारली, आणि २००९ सालीं ख्रिस्तसभेनें तिला संतपद दिलें. जिनें विसरलेल्यांस जवळ केलें, ती स्वतःच विसरली गेली. देवानें मात्र तिला विसरलें नाहीं.

आणखी एक भीति मला दूर करावयाची आहे. धर्मगुरू पवित्र तेल घेऊन आले म्हणजे मरण आलें, असें अनेक घरीं अजून समजतात आणि म्हणून आम्हांस शेवटच्या श्वासास बोलावितात. १९७२ सालीं पोप सहावे पौल यांनीं या संस्काराचा विधि सुधारला. गंभीर दुखणें आणि वार्धक्यानें आलेला क्षीणपणा यांतही हा संस्कार घेतां येतो. तो आजाऱ्यास बळ देण्यासाठीं आहे. माणूस शुद्धीवर असतांनाच आम्हांस बोलवा.

शुश्रूषा करणाऱ्या सुनांस व लेकींस मी दोष देत नाहीं. कर्ते मुलगे पुण्यास, मुंबईस, सुरतेस गेलेले. वैशाखांतला हा आपला उन्हाळा. रात्रींत चारदां उठणें. आणि वर म्हाताऱ्या माणसाचा रुसवा. अशा वेळीं जीभ कडू होते. त्यांनीं तें पापनिवेदनांत रडत सांगावें आणि आम्हीं मंडपांत बसून त्यांस नांवें ठेवावीं, हें बरें नव्हे. थकलेल्या हातांनाही करुणेची गरज आहे.

म्हणून या महोत्सवाचें स्मारक म्हणून मी दगडाची पाटी मागत नाहीं. प्रत्येक घरानें अंथरुणास खिळलेल्यांचीं नांवें माझ्याकडे द्यावीं. दर रविवारीं मिस्सेनंतर मी ख्रिस्तशरीर घेऊन निघेन. तुमच्यापैकीं दोघांनीं माझ्याबरोबर यावें आणि मी पुढच्या घरीं गेलों तरी त्यांनीं तेथें तासभर बसावें, म्हणजे त्या घरच्या बाईस तेवढी विश्रांति मिळेल. माझें घड्याळ त्या दिवशीं मी टेबलावर ठेवून येईन.

एके दिवशीं आपणही हात पुढें करूं. तेव्हां तो धरणारा कोणी असावा, यासाठीं आज आपण कोणाचा तरी हात धरूं या. प्रभु तुम्हां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.