मॉरिशसचे पाहुणे आणि गावचे दप्तर

मंडळी, काही वर्षांमागची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, उसाची तोड सुरू झाली होती. आमच्या इस्लामपुरात एक मध्यमवयीन जोडपे उतरले. रंगरूप आपल्यासारखेच, बाईंच्या कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. पण बोलू लागले की मराठी अगदी पुस्तकातले, शब्द न् शब्द जपून उच्चारलेला. गृहस्थ म्हणाले, "आम्ही मॉरिशसहून आलो. आमचे घर येथे कोठेतरी होते." मला मोडी वाचता येते, असे त्यांना एस. टी. स्टँडवर कोणीतरी सांगितले होते. म्हणून ते माझ्या दारी आले.

त्यांच्याजवळ एक कागद होता. त्यावर त्यांच्या खापरपणजोबांचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, एक क्रमांक, जिल्हा सातारा, आणि एका गावाचे नाव. गावाचे नाव इंग्रजी लिपीत असे काही लिहिले होते, की ते 'रेट्री' वाचावे की 'राटरे', हे कळेना. एवढ्या कागदावर माणूस समुद्र ओलांडून आला होता!

आता हा मॉरिशसचा प्रकार काय, तो आधी सांगतो. हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला हे लहानसे बेट आहे. ते १८१० साली इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतले. तिथे उसाचे मोठे मळे होते आणि मळ्यांवर गुलाम राबत. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. मग मळेवाल्यांना मजूर हवे झाले, आणि त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून ३६ मजूर तिथे उतरले, तो दिवस मॉरिशसचे लोक आजही पाळतात. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे या रीतीने गेली. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून. त्या मानाने थोडी मुंबई बंदरातून, आणि त्यांतच आपली मराठी माणसे होती. पुष्कळ रत्नागिरीकडची, पण सातारा-कोल्हापूरकडचीही.

करार वर्षांवर्षांचा असे. त्या कराराला, म्हणजे 'अ‍ॅग्रिमेंट'ला, लोक 'गिरमिट' म्हणत, म्हणून ही माणसे गिरमिटिया. सुरुवातीच्या करारांत महिना पाच रुपये आणि शिधा असे. आपल्याकडच्या माणसाला ऊस नवा नव्हता, समुद्र मात्र नवा होता.

आता बघा, सरकारने या माणसांना माणूस म्हणून किती वागवले तो प्रश्न निराळा, पण नोंद मात्र चोख ठेवली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, जिल्हा, गाव, जहाज, कोणत्या मळ्यावर धाडला, सगळे रजिस्टरात. १८६० नंतरच्या दशकात तर फोटोही काढू लागले; मजुराने फोटो असलेला पास जवळ बाळगावा, असा १८६७ साली कायदाच झाला. पळून गेलेला माणूस धरता यावा म्हणून केलेली ही व्यवस्था. आज त्याच कागदांवरून नातवंडे-पणतवंडे आपला मूळपुरुष शोधतात. ही रजिस्टरे मोका या गावी महात्मा गांधी संस्थेत आहेत. ती संस्था १९७० साली स्थापन झाली. माणसे जिथे उतरली तो धक्का 'आप्रवासी घाट' या नावाने जतन केला असून २००६ साली त्याची गणना जागतिक वारशात झाली.

असा शोध दुसरीकडेही चालतो. ऑस्ट्रेलियात १७८८ ते १८६८ या काळात इंग्रज सरकारने सुमारे एक लाख साठ हजार कैदी नेऊन सोडले. त्यांतले पुष्कळ जण शिक्षा भोगून तिथेच शेतकरी, मेंढपाळ झाले. त्यांच्या मुलानातवंडांनी ही गोष्ट लाजेने झाकून ठेवली. आता त्यांचेच वंशज जहाजांच्या याद्या उलगडून मोठ्या हौसेने आपला कैदी आजोबा शोधतात. मॉरिशसच्या पाहुण्यांनीही तेच सांगितले. त्यांचे आजोबा म्हणत, आपला पूर्वज छत्रपतींच्या फौजेत होता, रुसून निघून आला. रजिस्टरात मात्र मजूर अशी नोंद. "वाईट वाटले का?" मी विचारले. बाई म्हणाल्या, "गुरुजी, मजूर होता म्हणून तर सापडला."

शोधाची रीत मोठी साधी आहे, आणि शिक्षकमित्रांनी ती ध्यानात ठेवावी. पूर्वजापासून खाली यायचे नसते, आपल्यापासून वर जायचे असते. स्वतःचा जन्मदाखला, मग वडिलांचा, मग आजोबांचा. एक पिढी, एक कागद. मधली पायरी गाळून थेट मोठ्या नावाशी नाते जोडणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. पाहुण्यांनी मात्र जहाजापर्यंतची एकेक पायरी कागदाने बांधली होती. खोळंबा झाला तो जहाजाच्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला.

पहिली अडचण आडनावाची. तिकडे बापाचे नावच मुलाचे आडनाव होऊन बसले. इथला कोणी मोहिते, कोणी पाटील. तिथे सगळे राणू नाही तर सखाराम. दुसरी अडचण जिल्ह्याची. कागदावर सातारा आहे म्हणून हे लोक आधी साताऱ्यातच दोन दिवस फिरले. पण त्या काळी आपला वाळवे तालुका सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. हे बेटावरच्या माणसाला कोण सांगणार? आणि नावे अजूनही बदलतातच. २०२५ साली राज्य सरकारने इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. शंभर वर्षांनी शोधणाऱ्याला दोन्ही नावे ठाऊक असावी लागतील.

तिसरी अडचण गावाची. 'रेट्री' म्हणजे रेठरे, एवढे मी ओळखले. पण कोणते रेठरे? आपल्या तालुक्यात रेठरे हरणाक्ष आहे, रेठरे धरण आहे. कऱ्हाड तालुक्यात रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द. बोरगावाचे तसेच. एक वाळव्यात कृष्णाकाठी, एक साताऱ्याजवळ हमरस्त्यावर. आणि कागदावर नुसते 'पेठ' असते तर? आपल्या जवळच पेठ नावाचे गाव आहे, पण परक्या कारकुनाला पेठ हा शब्द कोणीही, कोणत्याही बाजाराविषयी सांगितला असेल.

मग शोधायचे कुठे? आपल्याकडे कागद नाहीत असे नाही. ते एका जागी नाहीत. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांकडे गावाच्या आणि आडनावाच्या क्रमाने वह्या आहेत. यात्रेला गेलेला आजोबा तिथे आपल्या हाताने भावांची नावे लिहून आलेला असतो. चावडीत पाटील-कोतवालाने ठेवलेला जन्ममृत्यूचा गाव नमुना चौदा असे. जमिनीचे फेरफार आहेत. जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर आहे. यांतले पुष्कळसे जुने लिखाण मोडीत, आणि मोडी तर विसाव्या शतकाच्या मध्यास शाळेतून गेली. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर ही दप्तरे बाहेर निघाली, तेव्हा मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. एका गावी मी दप्तर सोडले तर आत कागद नव्हताच, वाळवीची माती होती. ते बघून पोटात कालवले. त्या मातीत कोणाकोणाचे बाप होते, कोण जाणे.

आणि आपल्या भागात कागदाहून निराळे एक माणूस आहे, हेळवी. जुन्या श्रोत्यांना सांगायला नको. बैलावर बसून, पाय घोंगडीत गुंडाळून, सुगीनंतर सकाळी अंगणात यायचा. 'हेळव' म्हणजे कानडीत लंगडा. बोलणे कानडी वळणाचे. घराचा मूळपुरुष कोण, कुठून उठून इथे आला, त्याला मुलगे किती, हे तो घडाघडा म्हणे. मग सूपभर जोंधळे, कधी लुगडे, कधी भांडे. गावे त्यांनी आपसात वाटून घेतलेली. एकाच्या गावात दुसरा येत नाही. आता तो टेम्पोने येतो, वहीही नवी असते, पण येतो. त्याच्या वंशावळीत एक उणीव मात्र आहे. लेकी नाहीत. कोणाची लेक कुठे दिली, ते विचारायचे तर म्हातारीलाच विचारावे लागते. माझ्या आजीला सोयरिकीच्या चार पिढ्या तोंडपाठ होत्या. मी पदवीधर झालो आणि तिच्याकडून एक ओळही लिहून घेतली नाही.

असो. पाहुण्यांना घेऊन मी हिंडलो. पहिल्या गावी पारावरच्या आबांनी विचारले, "पाव्हणं कुठलं म्हणायचं?" मी म्हणालो, "इथलंच. दीडशे वर्षांमागं गेल्यालं." आबांनी पुन्हा नीट पाहिले आणि म्हणाले, "मग चहा घेतल्याबिगर कसं जातील?" तिथे काही मिळाले नाही. दुसऱ्या गावी बापाचे नाव आणि मुलाचे नाव एका घराच्या वंशावळीत जुळले. घरातल्या मंडळींना आनंद झाला, बाईंची ओटी भरली, सगळ्यांचे डोळे ओले झाले. पण मी मास्तर माणूस. राणू आणि बाळू ही नावे त्या काळी घरोघरी. दोन नावे जुळली म्हणजे घर जुळले असे नाही, हे मला त्याच ओसरीवर सांगावे लागले. सांगताना जीभ जड झाली. गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घर नसेल, पण गाव असू शकेल ना?" मी म्हटले, "असू शकेल." त्यांनी कृष्णेचे पाणी एका बाटलीत भरून घेतले.

जाताना त्यांनी मला सहज विचारले, "गुरुजी, तुमच्या घरातले कोणी गेले नव्हते का?" मला उत्तर देता आले नाही. आमच्या भाऊकीत चौघा भावांची गोष्ट सांगतात, पण नावे तिघांचीच घेतात. त्या साली हेळवी आला तेव्हा मी त्याला थांबवून घेतला आणि सावकाश म्हणायला लावले. तिसऱ्या भावाशी तो आला, नाव घेतले, म्हणाला, "परमुलखाला गेला," आणि चौथ्यावर गेला. मी विचारले, "पुढं?" तो म्हणाला, "पुढं वंश न्हाई." मी म्हणालो, "न्हाई, का ठावं न्हाई?" त्याने वही मिटली आणि म्हणाला, "ते आमाला कसं कळंल, मास्तर? त्याच्या दारात आमी गेलोच न्हाई."

तेव्हा मंडळी, माझ्याजवळ आता एक नाव आहे, बापाचे नाव आहे, गाव आहे. क्रमांक नाही. मी ते सगळे स्वच्छ अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीत, लिहून मॉरिशसच्या त्या गृहस्थांकडे पाठवले आहे. गावाचे नाव कारकुनाने कसे कसे बिघडवले असेल, त्याचे सहा प्रकारही सोबत दिले आहेत. मोक्याला गेले की ते रजिस्टर बघणार आहेत.