फळीवरील मालधक्का

खेळातली आगगाडी म्हटली, की ती गोल रुळांवरून फिरत राहणार, असे आपण गृहीत धरतो. बोगद्यात शिरते, बाहेर येते, पुन्हा शिरते. बालमन त्यात रमते खरे. परंतु प्रौढ माणसाच्या मनात लवकरच प्रश्न उभा राहतो, की ही गाडी चालली आहे कोठे आणि कशासाठी? घरगुती प्रतिकृति-रेल्वेचा जो प्रकार मला सर्वांत प्रिय आहे, तो या प्रश्नाला उत्तर देतो. चार फूट लांब व सव्वा फूट रुंद फळीवर एखाद्या उद्योगाची साइडिंग उभारावयाची. तेथे गाडी फिरत नाही; ती काम करते.

इंग्लंडमधील ॲलन राइट यांनी अशा फळीसाठी एक सुटसुटीत रचना रूढ केली. तीन फाटे; एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. आठ वाघिणींपैकी सांगितलेल्या पाच, सांगितलेल्या क्रमाने जोडून द्यावयाच्या. असे क्रम ६,७२० होतात. तथापि नुसत्या गणिताने मन भरत नाही. हीच वाघीण याच दाराशी का यावी, याचे कारण इमारतीने सांगावे लागते.

उदाहरणादाखल मुंबईचे कॉटन ग्रीन घेऊ. कापसाचा व्यापार कुलाब्याहून शिवडीकडे आला आणि १९१५ साली सुरू झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेने तेथील गोदामे जोडली गेली. हा देखावा एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात करावयाचा, तर साडेपाच फूट उंचीचा माणूस सव्वाएकोणीस मिलिमीटरांचा होतो. आपल्या ब्रॉडगेजची रुंदीही साडेपाच फूटच. म्हणजे तीही तितकीच. बाजारात मिळणारा रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरांचा असतो. म्हणून रूळ फरसबंदीत बुडवावा. मग ही उणीव डोळ्यांत भरत नाही, आणि गोदीच्या परिसराला ते शोभूनही दिसते.

याच प्रमाणात शंभर मीटर लांबीचे गोदाम जवळजवळ सारी फळी व्यापून टाकील. ते लहान करणे भाग आहे. परंतु दाराची उंची कमी करू नये, दारांची संख्या कमी करावी. बारा दारांऐवजी तीन ठेवली, तरी गोदाम गोदामच राहते. दारेच बुटकी केली, की ते बाहुलीचे घर होते. मागच्या बाजूच्या इमारती दोन इंच खोलीच्या केल्या तरी पुरतात. त्यांच्या केवळ दर्शनी भिंतींनी परिसराची दाटी साधते.

छपराच्या पत्र्याची तीन इंचांची पन्हळ येथे मिलिमीटरहूनही बारीक होते. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा त्यापुढे फारच भरड दिसतो. पातळ ॲल्युमिनियमचा कागद बारीक आट्यांच्या बोल्टावर दाबून फिरविला, की हवी तशी पन्हळ मिळते. रंग देताना मुंबईचा पाऊस विसरू नये. भिंतीच्या पायथ्याशी ओल, माथ्यावर काळपट शेवाळ, आणि खिळ्यांपासून खाली ओघळलेला गंज.

एवढे झाले, की फळी सुंदर दिसू लागते; आणि श्रोतेहो, खरा धोका येथेच आहे. गासड्या रचल्या, वाघिणी उभ्या केल्या, आणि माणसे मात्र शोभेपुरती कोठेतरी चिकटविली, असे पुष्कळदा घडते. कापसाच्या एका गासडीचे वजन सुमारे १७० किलो. एकटा माणूस ती उचलीत नाही. म्हणून धक्क्यावर गासडीपाशी एकच हमाल उभा केला, तर तो देखावा खोटा ठरतो. तेथे हातात हूक घेतलेले तीन-चार जण हवेत, हातगाडी हवी, काटा हवा, काट्यापाशी मुकादम हवा आणि सावलीत पाण्याचा माठ हवा. कापूस पेटतो, म्हणून भिंतीशी वाळूच्या लाल बादल्या हव्यात.

सरकारी दप्तरात वावरणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट विशेष जाणवते. किती गासड्या आल्या व किती गेल्या, यांची नोंद कागदावर ओळीने सापडते. त्या वाहणाऱ्या खांद्यांची नोंद सहसा सापडत नाही. माथाडी व हमाल कामगारांसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा व्हावयास १९६९ साल उजाडावे लागले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. काही ठिकाणी आज चिमणी तेवढी उभी आहे, तिच्याखालचे काम नाही. शहराच्या हातून जे निसटले, ते निदान फळीवर तरी निसटू नये.

म्हणून नवी इमारत डिंकाने चिकटविण्यापूर्वी तिला तीन प्रश्न विचारावेत. येथे काय आले? येथून काय जाणार? आणि ते कोणी उचलले? तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत डिंकाची बाटली उघडू नये.