अंगठ्याखालची चार बटणं

मोटारसायकलच्या डाव्या मुठीपाशी अंगठ्याला किती कामं असतात ती एकदा मोजून पाहा. हॉर्न तिथं, इंडिकेटर तिथं, डिपरही बहुतेक तिथंच. उरलेली बोटं क्लचवर. उजव्या बाजूचं दिव्याचं बटण तेवढं गेलं, कारण १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआपच लागतो. डाव्या अंगठ्याला अशी सवलत मिळालेली नाही. उलट आता त्याच दाटीत मोबाईलमधला नकाशा चालवणारा एक छोटा रिमोट येऊन बसला आहे.

माझा भाचा मलकापूरहून आलेली पार्सलं आमच्या धामणगाव बढे परिसरातल्या खेड्यांत पोचवतो. त्याच्या गाडीवर असा रिमोट आहे, चार बटणांचा, आत नाण्याएवढा सेल. मी त्याच्या मागे बसून बऱ्याचदा हिंडतो. कवीला याहून चांगली स्वारी कोणती मिळणार!

रिमोट कशाला, पडद्यावर बोट फिरवलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगात दोन सेकंद नजर पडद्यावर गेली, तर गाडी सुमारे २८ मीटर न पाहताच पुढे जाते. आमच्याकडे २८ मीटरांत कापसाची गाडी असते, रंग उडालेला गतिरोधक असतो, नाहीतर रस्त्यात निवांत बसलेली म्हैस. बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरताना तर हात मुठीवरून काढणंच नको. पावसात आणखी पंचाईत. पडद्यावर थेंब पडले की मोबाईलला ते बोटासारखे वाटतात आणि नकाशा भलतीकडे सरकतो. कायद्याचंही तेच म्हणणं आहे. ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनं हातातलं उपकरण वाटेत फक्त मार्ग पाहण्यापुरतं वापरायला मुभा दिली, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं.

आता हा रिमोट करतो काय? त्याला नकाशातलं काही कळत नाही. ब्लूटूथवरून तो मोबाईलला सांगतो, मी कळफलक आहे. एक बटण दाबलं की ‘अधिक’ची कळ दाबल्याचा निरोप जातो, दुसऱ्यानं ‘उणे’चा, तिसऱ्यानं एखाद्या अक्षराचा. त्या निरोपाचा अर्थ काय लावायचा हे नकाशाचं अॅप ठरवतं. गाणी पुढेमागे करणारा स्वस्तातला रिमोट आणून, यानं नकाशा का हलत नाही म्हणून लोक चिडतात, त्याचं कारण हेच. तो बिचारा ‘पुढचं गाणं’ एवढंच बोलतो.

ऑसमअँडसारख्या अॅपमध्ये बाहेरून जोडलेल्या उपकरणासाठी वेगळी जागा आहे, आणि कोणत्या कळीनं काय व्हावं हे तिथं आपण नेमून देऊ शकतो. ज्या अॅपमध्ये ही सोय नाही, तिथं अँड्रॉइडवर ‘की मॅपर’सारखा मध्यस्थ घ्यावा लागतो. तो एका कळीचं काम दुसऱ्या कामाला जोडून देतो. मात्र त्यासाठी त्याला मोबाईलमधली बरीच मोठी परवानगी द्यावी लागते, तेव्हा असला मध्यस्थ ओळखीचाच असावा.

खरा प्रश्न पुढेच आहे. चार बटणांना कोणती चार कामं द्यायची? एकेका बटणाला दोन दोन कामं देता येतात, एक साध्या दाबाला, एक लांब दाबाला. दुकानदार त्याचं फार कौतुक करतो. पण खड्ड्यात गाडी उडाली की साधा दाब लांब होतो आणि लांब दाब अर्ध्यावर सुटतो. माझ्या मते एका बटणाला एकच काम असावं आणि ते कधी बदलू नये. गझलेत रदीफ प्रत्येक शेरात ठरल्या जागीच यावा लागतो, तशी अंगठ्याला ती जागा न बघता सापडली पाहिजे. आणि ती हॉर्नला खेटून नसावी, नाहीतर घाईच्या वेळी हॉर्नऐवजी नकाशाच मोठा होतो.

भाच्यानं वरच्या दोन बटणांना नकाशा जवळ-लांब करणं दिलं आहे. तिसऱ्यानं नकाशा पुन्हा आपल्या जागेवर येतो. ठिकाण शोधण्याला त्यानं बटणच दिलेलं नाही, आणि ते मला फार पटलं. शोधाशोध निघण्याआधी, गाडी उभी असताना करायची. नुसतं ‘धामणगाव’ म्हटलं तर नकाशा अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव रेल्वेही पुढे करतो. असला गुंता चालत्या गाडीवर सोडवायचा नसतो.

चौथ्या बटणाबद्दल मी त्याला विचारलं, तर म्हणाला, “मामू, ते माझ्या पोटापाण्याचं आहे.” ते दाबलं की आहे ती जागा खुणेसह जतन होते.

याचं मोल शहरात कळणार नाही. तिथं घराला क्रमांक असतो, गल्लीला नाव असतं. आमच्याकडे पार्सलवरचा पत्ता म्हणजे माणसाचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका मोताळा, संपलं. शेतातल्या वस्तीकडे जाणारी पांदण नकाशात बहुधा नसतेच, आणि असली तरी पावसाळ्यात काळ्या मातीत चाक कुठवर जाईल ते नकाशा सांगत नाही. म्हणून भाचा पांदणीच्या तोंडाशी बटण दाबतो आणि दारापाशी पुन्हा एकदा.

इथं एक बारीक गोष्ट आहे. जागा जतन करताना अॅप नाव विचारणारी चौकट उघडतं. ती चौकट आधीच बंद करून ठेवावी लागते, नाहीतर एका दाबानं व्हायचं काम पुन्हा बोटावर आणि डोळ्यांवर येतं. नकाशाही आधी उतरवून घेतलेला असल्यानं टेकड्यांच्या आडोशाला रेंज गेली तरी खूण पडतेच. बरेचसे रिमोट काही वेळ वापरले नाहीत की सेल वाचवायला झोपी जातात आणि पहिला दाब त्यांना जागं करण्यातच खर्च होतो, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं.

रात्री जेवण झाल्यावर तो दिवसभराच्या खुणांना नावं देतो. एकदा मी ती यादी वाचली. ‘निंबाखालचं निळं दार.’ ‘विहिरीपासून पायी.’ ‘कुत्रा आहे, हाक मारणे.’ ‘पाऊस असल्यास फाट्यावरच फोन.’ एका खुणेपाशी नुसतं ‘दुपारी नको’ लिहिलं होतं. विचारलं, तर त्या घरी एक आजारी म्हातारी दुपारीच काय ती झोपते, आणि हॉर्ननं दचकून उठते. त्या खुणेच्या अलीकडे, गल्लीच्या तोंडाशी त्यानं आणखी एक खूण केली आहे. तिचं नाव, ‘इथं गाडी बंद.’