चूक दाखवणाऱ्याचं ऐका



आज बक्षीस घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना वैमानिक व्हायचंय, असं शाळेतल्या सरांनी सांगितलं. मला फार आनंद झाला. त्यासाठी गणित, भौतिकशास्त्र, चांगली नजर लागतेच. पण कॉकपिटमध्ये खरी परीक्षा होते ती स्वभावाची.

7 ऑगस्ट 2020 ची संध्याकाळ. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान भर पावसात कोळिकोडला उतरत होतं. कॅप्टन होते आपले दीपक साठे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) घडलेले, हवाई दलात मानाची तलवार मिळवलेले. उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून त्यांनी विमान पुन्हा वर नेलं होतं. दुसऱ्या वेळी वारा पाठीमागून होता. जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे पडली तरी चाकं टेकेनात. सहवैमानिक म्हणाला, ‘गो अराउंड’. म्हणजे उतरू नका, परत वर चला. तरीही विमान उतरलं, धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. दोघा वैमानिकांसह 21 जण गेले.

चौकशी अहवालानं नियम न पाळल्याचा दोष दाखवलाच, शिवाय दोघांमधल्या अधिकाराच्या अंतरावरही बोट ठेवलं. साठेसाहेबांच्या कर्तबगारीपुढे मी नतमस्तक आहे. म्हणूनच सांगतो, एवढ्या निष्णात माणसालाही थांबवणारा सोबती लागतो.

वैमानिकांना पाच घातक वृत्ती ओळखायला शिकवतात: नियम मला कशाला, आधी करून टाकू, मला काही होत नाही, बघा कसं जमवतो, आणि आता माझ्या हातात काय आहे. सोबत्याचं न ऐकण्याचं कोळिकोड हे पहिलं उदाहरण नव्हे. 1977 मध्ये टेनेरिफ बेटावर दोन जम्बो विमानं धावपट्टीवर धडकून 583 माणसं मेली. तिथंही उड्डाणाआधी फ्लाइट इंजिनिअरनं शंका काढली होती. कॅप्टननं ती उडवून लावली. त्यानंतरच्या काळात कॉकपिटमध्ये बोलायचं कसं आणि ऐकायचं कसं, याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं.

इथल्या, आळेफाट्याच्या मंडळींना हे कळायला जड नाही. धुक्यात माळशेज घाट उतरताना क्लीनर ‘दादा, थांबा’ म्हणाला, तर शहाणा ड्रायव्हर आधी ब्रेक दाबतो.

चूक सांगण्या-ऐकण्याची ही सवय शाळेतच लागते. गुरुजन हो, फळ्यावरची चूक दाखवणाऱ्या पोराला शाबासकी द्या. मुलांनो, चूक दिसली की आदरानं पण ठणकावून सांगा. आणि तुमची चूक कुणी दाखवली, तर राग न धरता ऐका. असे वैमानिक या शाळेतून घडोत, ही सदिच्छा.