आमच्या खंड्याचे शिक्षण

(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "सध्या मला आमच्या कुत्र्याशिवाय दुसरे काही सुचत नाही." त्या म्हणाल्या, "मग कुत्र्यावरच बोला." तेव्हा दोष द्यायचा तर अर्धा त्यांना द्यावा!

माझे माहेर साताऱ्याचे. जवळच संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे, थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले आणि पुढे त्याला पालखीचा मान मिळाला, अशी कथा मी लहानपणी ऐकलेली. त्यामुळे इथे सांगलीला आमच्या घरी जतकडून पाच महिन्यांचे कारवानी पिल्लू आले, तेव्हा नाव शोधावे लागले नाही.

नाव पराक्रमी, पण गुण निराळे! कारवानी जात मुळातच नजरेने सावज टिपून सुसाट धावणारी. आमच्या खंड्याचे सावज म्हणजे सायकल, मांजर आणि शेजारच्यांची कोंबडी. फाटक जरा किलकिले झाले, की स्वारी रस्त्यावर. एकदा मोटारसायकलचा धक्का लागून पुढचा पाय पंधरा दिवस पट्टीत होता. उसाच्या हंगामात आमच्या दारावरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात. पुढच्या खेपेला पायावर निभावणार नाही, हे मी ओळखले आणि त्याला 'थांब' शिकवायचे ठरवले.

रीत अगदी साधी आहे. पिल्लाला उंबऱ्याच्या आत बसवावे, तळहात त्याच्यासमोर धरावा आणि एकदाच 'थांब' म्हणावे. क्षणभर थांबले, तरी तिथल्या तिथे उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा द्यावा आणि 'चल' म्हणून मोकळे सोडावे. मग ३ आकडे मोजेपर्यंत, मग ५, मग १०. ते जमले, की आपण एक पाऊल मागे सरावे. तेही जमले, की गळ्यात दोरी ठेवून फाटक थोडे उघडावे. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. चुकले तर मारू नये, मागच्या पायरीवर यावे. सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी, पाच-पाच मिनिटे पुरतात.

एक मात्र जपा. आपल्याकडे बेदाण्यांना तोटा नाही, हाताला लागला म्हणून तोच बक्षीस द्याल! द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे आहेत. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कांदा, लसूण आणि चॉकलेटही वर्ज्य.

इतके सगळे करून तीन आठवड्यांत प्रगती शून्य. मग एक दिवस मी नुसती बसून घरातल्यांचे बोलणे ऐकले. यजमान म्हणत 'राहा', मुलगा म्हणे 'स्टे', मुलगी 'बस ना रे', आणि मी घाईत 'थांब थांब थांब'. त्याने बिचाऱ्याने नेमके काय शिकावे? मी तीनदा म्हणते, म्हणून पहिल्या दोन वेळा ऐकायचे नसते, एवढेच तो माझ्याकडून शिकला होता!

सर्वांत यशस्वी शिक्षिका निघाल्या सासूबाई. तो रस्त्यावर पळाला, की त्या चतकोर भाकरी दाखवून त्याला परत बोलवायच्या. म्हणजे पळाले की भाकरी मिळते, हा धडा रोज न चुकता चालला होता. मी हे भीतभीतच सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, म्हणजे त्याला मीच बिघडवला म्हण की!" आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरी मिळू लागली ती फाटकाच्या आत, थांबल्यावर. घरात सर्वांचा शब्द एक झाला. पंधरा दिवसांत फाटक उघडे असतानाही तो जागचा हलेनासा झाला.

खरी परीक्षा माघातल्या एका सकाळी झाली. दूधवाल्याकडून फाटक उघडे राहिले, पलीकडे मांजर दिसले आणि खंड्या सुटला. तेवढ्यात वळणावर उसाचा ट्रॅक्टर. मी किंचाळले, "अरे मेल्या! धरा त्याला!" शिकवलेला शब्द माझ्या तोंडी आलाच नाही. तुळशीपाशी उभ्या असलेल्या सासूबाईंनी हात वर केला आणि रोजच्याच आवाजात म्हटले, "थांब."

तो फाटकात थांबला, एक पाय उचललेला तसाच. समोरून दोन्ही ट्रॉल्या खडखडत गेल्या. माझ्या पायांतले बळ गेले होते. सासूबाई मात्र म्हणाल्या, "अगं, उभी काय राहिलीस? तुकडा आण लवकर, उशीर झाला तर फुकट जाईल ना!"

भगिनींनो, त्या दिवसानंतरही आम्ही फाटकाची कडी विसरत नाही. शेवटी ते जनावर आहे. दर वर्षी रेबीजची लस टोचून घेतो, तीही चुकवू नका. पण घरात पिल्लू आणाल, तेव्हा आधी सगळ्यांना एकत्र बसवा, एक शब्द ठरवा आणि मगच पिल्लाला शिकवायला घ्या. आमच्या घरी शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला तो आम्हाला, खंड्याला नव्हे.