दहा घरांत वीज, की अख्खं गाव उजेडात?

(तालुका शिबिरात आम्ही तरुण कार्यकर्त्यांनी केलेली मांडणी)



मागच्या बैठकीत एका आजीनं विचारलं होतं, "देशाला वीज पाहिजे म्हणून आपली जमीन घेतात. मग ती वीज आपल्या पाड्यावर का येत नाही?" आज आम्ही तेवढ्यावरच बोलणार आहोत.

सरदार सरोवराची वीजघरं १४५० मेगावॉटची. १९७९ च्या लवादानं विजेचे वाटे ठरवले. मध्य प्रदेशला ५७ टक्के, महाराष्ट्राला २७, गुजरातला १६. महाराष्ट्राच्या वाट्यासाठी आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याची ३३ गावं बुडितात धरली. वाटे राज्यांचे ठरले. पाड्याचा वाटा कुणी धरलाच नाही.

आता कागदावरची गंमत ऐका. २००४ पासूनचा नियम असा आहे की वस्तीत खांब-तारा आल्या, शाळा-पंचायत-दवाखान्यात वीज गेली, आणि १० टक्के घरांत दिवा लागला, की गाव विद्युतीकृत. म्हणजे १०० घरांच्या गावात ९० घरांत रॉकेलची चिमणी, तरी दिल्लीच्या यादीत गाव उजेडात! पण या गोष्टीचा दाखला ग्रामपंचायत देते. म्हणून आमचं म्हणणं, एकेक पाडा मोजल्याशिवाय सरपंचानं सही करू नये. सही झाली की पुढं आपलं कोण ऐकणार?

२००५ च्या राष्ट्रीय विद्युत धोरणात २०१२ पर्यंत घरामागं रोज निदान १ युनिट देऊ असं लिहिलंय. १ युनिट म्हणजे किती? ६० वॉटचे ३ पिवळे बल्ब ५ तास लावले तर ९०० वॉट-तास, युनिट जवळजवळ संपलं. तेवढाच उजेड १५ वॉटच्या सीएफएलनं केला तर पाव युनिटही लागत नाही. वीज वाचवा असं आपल्याला सांगतात, ते खरंच आहे. पण आधी यायला तर पाहिजे!

वीज मोठ्या धरणातूनच होते असं नाही. बिलगावात आपल्याच लोकांनी श्रमदान केलं, केरळच्या इंजिनियर मित्रांनी साथ दिली, आणि २००३ मध्ये धबधब्याच्या पाण्यावर १५ किलोवॉटचं यंत्र फिरलं. असं यंत्र पूर्ण जोरात १० तास चाललं तर १५० युनिट होतात, म्हणजे रोज १ युनिटानं १५० घरं. लांबून तारेनं आणताना वाटेत वीज वाया जाते, तेही इथं नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं की यंत्र मंदावतं, हे आम्ही लपवत नाही. म्हणून सौर पाहिजे, सरकारची तारही पाहिजे. पण बिलगावचं यंत्र पाणी आटून बंद पडलं नाही. २००६ मध्ये ते सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडालं. छोटी वीज मोठ्या विजेखाली गेली.

आता कामाचं. पाड्यावर खांब मागितला की आम्हाला उत्तर मिळतं, "ही फॉरेस्टची जमीन, परवानगी नाही." मोठ्या तारा जंगलातनं जातात तेव्हा चालतं, आपल्या खांबालाच जंगल आडवं येतं. पण वनहक्क कायद्याचं कलम ३(२) बघा. शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता यांच्यासोबत विजेच्या तारा आणि अपारंपरिक ऊर्जा यांसाठी वनजमीन देता येते. प्रत्येक कामाला १ हेक्टरहून कमी जागा, हेक्टरी ७५ पर्यंत झाडं, आणि ग्रामसभेची शिफारस, एवढ्याच अटी. ही शिफारस आपल्या हातात आहे.

म्हणून गावात गेल्यावर तीन गोष्टी करा. पाडावार घरं मोजा, चिमणी किती, वीज किती. ग्रामसभेत कलम ३(२) चा ठराव घ्या, बायांच्या सह्या-अंगठे त्यावर असू द्या. ठरावाची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातनं उठू नका.

आम्ही देशाच्या विजेच्या आड नाही. पण देश म्हणजे आपले पाडेसुद्धा.

जिंदाबाद!