मागे बघा, मग पुढे फेका



हिमाचलातल्या तीर्थन नदीत ट्राउट मासा आहे.
तो धरायला गळाला खोटी माशी लावतात.
पिसांची, धाग्यांची. तिला ‘फ्लाय’ म्हणतात.

या माशीला वजन जवळपास नसतंच.
वजन असतं दोरीला.
म्हणून दोरी आधी मागे फेकायची... आणि मग पुढे.

नवशिका चुकतो तो इथेच.
मागची दोरी सरळ होण्याआधीच तो गळाची काठी पुढे ओढतो.
चाबकासारखा फट्ट आवाज होतो,
आणि कधी कधी माशीच तुटून जाते!

जाणता शिक्षक ओरडत नाही.
तो म्हणतो, मान वळवा. मागे बघा.
दोरी सरळ झाली?... आता पुढे.
पुन्हा सांगते, दोरी मागे सरळ होऊ द्या.

दुसरी खोड मनगटाची.
मनगट मागे मोडलं, की दोरी गवतात लोळते.
मग काठीचं बूड सदऱ्याच्या बाहीत खोचायचं.
मनगट वाकलं, की बाही ताणली जाते.
शिक्षकाला बोलावंच लागत नाही.

सराव मात्र हिरवळीवर.
गळ काढून ठेवायचा, दोरीला लोकरीचा तुकडा बांधायचा.
नदीवर नको.
तिथे मासा उसळला, की शिष्य शिक्षकाचं कशाला ऐकतोय!